दगडफूल आणि बंगळूरची हवा

गोड्या मसाल्यातलं दगडफूल फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा तो जोडसंसार: बुरशी आसरा देते, शैवाल उन्हातून अन्न बनवतं. कन्नडमध्येही त्याला ‘कल्लु हूवु’ म्हणजे दगडाचं फूलच म्हणतात.

या जिवाला मुळं नसतात. पाणी आणि खनिजं तो थेट हवेतून, पावसातून घेतो. त्यांबरोबर धुरातले जड धातूही. म्हणून दगडफुलं शहराच्या हवेची साक्ष देतात. २००३ साली संजीव नायक, डी. के. उप्रेती, माधव गाडगीळ आणि व्ही. पांडे यांनी लालबाग या उद्यानावर भर देत बंगळूरमधली दगडफुलं व त्यांत साठलेले धातू यांचा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. गाडगीळ मूळचे पुण्याचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी परिसरशास्त्राचं केंद्र उभारलं. मला दगडफुलांचा हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. हवा मोजणारं लाखोंचं यंत्र नसलं तरी झाडाच्या सालीवरची दगडफुलं वाचता येतात!

काही दगडफुलांतलं उस्निक आम्ल जीवाणूंना रोखतं, पण पोटात घेतल्यास यकृताला गंभीर इजा करू शकतं. तेव्हा घरगुती औषधाचे प्रयोग नकोत.

लालबागेत गेलात तर झाडांवरचे राखाडी-हिरवे पापुद्रे जरूर पाहा, मात्र खरवडू नका. बरीच दगडफुलं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात.