आतून काढलेली कडी : स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्यांतील आवर्ती आशयसूत्रे

वरच्या मजल्यावरील खिडकीबाहेर, जिथे पाय टेकायलाही जागा नाही, तिथे एक मुलगा तरंगतो आहे. काही दिवसांपूर्वीच तो वारला आणि त्याला रीतसर पुरले गेले. काचेवर नखे घासत तो खोलीतल्या आपल्या मित्राला विनवतो आहे की मला आत घे. आतला मुलगा, मार्क पेट्री, राक्षसांच्या आणि पिशाचांच्या छोट्या प्रतिकृती जमवणारा आहे, त्यामुळे असल्या गोष्टींतील नियम त्याला तोंडपाठ आहेत. रक्तपिपासू पिशाचाला घरात शिरायचे तर घरातल्या कोणाचे तरी बोलावणे लागते, हे तो जाणतो. टेबलावर मांडलेल्या खेळण्यातल्या दफनभूमीतून तो प्लॅस्टिकचा क्रूस उचलतो आणि त्या थंड गालावर टेकवतो. गाल भाजून निघतो, खिडकी रिकामी होते. स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीतील हा प्रसंग आहे.

बोलावण्याचा हा नियम युरोपीय लोककथेतून आला. तो किंग यांचा शोध नव्हे. परंतु अर्धशतकाहून अधिक काळ चाललेल्या आणि साठांहून अधिक कादंबऱ्यांत पसरलेल्या त्यांच्या लेखनाकडे एकत्र पाहिले, की हा नियम पिशाचापुरता उरलेला दिसत नाही. अनिष्ट बाहेरून येते हे खरे, पण दाराची कडी आतून कोणीतरी काढलेली असते. कधी ती व्यसनाने निघते, कधी शोकाने, कधी शेजाऱ्याच्या बेफिकिरीने. त्यांच्या लेखनातील कथारूढी आणि आशयसूत्रे या एका जाणिवेभोवती कशी गुंफली गेली आहेत, ते येथे पाहायचे आहे.

या सूत्रांचा उगम पुष्कळसा त्यांच्या चरित्रात आहे. किंग यांचा जन्म २१ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात, पोर्टलंड या शहरात झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील सिगारेट आणतो असे सांगून घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. आईने मिळेल ती कामे करून दोन मुलांना वाढवले. ओरोनो येथील मेन विद्यापीठातून १९७० साली इंग्रजी विषयात पदवी घेतल्यानंतर किंग यांनी एका धुलाई कारखान्यात काम केले, पुढे शाळेत शिकवले. फिरत्या घरासारख्या एका ट्रेलरमध्ये संसार चालू असताना त्यांनी एका कथेची सुरुवातीची पाने निरर्थक ठरवून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. पत्नी टॅबिथा यांनी ती उचलली, वाचली आणि पुढे लिहायला लावले. तीच ‘कॅरी’ (१९७४) ही पहिली प्रकाशित कादंबरी. तिच्या मूळ आवृत्तीसाठी त्यांना २,५०० डॉलर आगाऊ मिळाले होते. स्वस्त आवृत्तीचे हक्क मात्र ४ लाख डॉलरना विकले गेले आणि त्यातील निम्मा वाटा किंग यांना मिळाला. नाहीसा झालेला बाप, कष्टणारी आई आणि पैशाची ओढाताण हे तिन्ही घटक पुढे त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा येत राहिले.

पहिले मोठे सूत्र गावाचे. किंग यांनी मेन राज्याच्या खऱ्या नकाशात कल्पित गावे वसवली, त्यांतली प्रमुख तीन म्हणजे जेरुसलेम्स लॉट, कॅसल रॉक आणि डेरी. कॅसल रॉक हे नाव त्यांनी विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मधून घेतले. डेरीची घडण, ज्या बँगर शहरात ते दीर्घकाळ राहिले, त्यावरून केलेली आहे. ‘इट’ (१९८६) ही प्रचंड कादंबरी डेरीत घडते. जमिनीखालच्या गटारांत राहणारे एक प्राचीन अनिष्ट दर सुमारे सत्तावीस वर्षांनी जागे होते, मुलांना गिळते आणि पुन्हा निजते. पेनीवाइज या विदूषकाच्या रूपामुळे ही कादंबरी जगभर प्रसिद्ध झाली. परंतु माझ्या मते तिच्यातील सर्वांत भीषण क्षणी विदूषक तिथे नसतोच. भर रस्त्यात गुंड पोरे बेव्हर्ली या मुलीच्या अंगावर चाल करून येतात. शेजारचा एक गृहस्थ पडवीत बसून वर्तमानपत्र वाचत असतो. तो उठतो, नजर टाकतो, वर्तमानपत्राची घडी घालतो आणि घरात निघून जातो. डेरीतील अनिष्ट शतकानुशतके कसे टिकले, याचे उत्तर त्या घडीत आहे. कादंबरीतील ग्रंथपाल माइक हॅनलन गावाचा इतिहास गोळा करतो, तेव्हा कृष्णवर्णीय सैनिकांच्या नाचघराला लावलेली आग, कारखान्यातील स्फोटात दगावलेली मुले अशी एकामागून एक प्रकरणे निघतात. प्रत्येक वेळी गावाने ते पाहिले आणि विसरून टाकले.

गाव डोळे मिटते म्हणून लढाई मुलांवर येते. हे दुसरे सूत्र. ‘इट’मधील सात मुले तोतरी, लठ्ठ, दमेकरी, यहुदी, कृष्णवर्णीय, घरी मार खाणारी अशी आहेत. शाळेने आणि गावाने ज्यांना बाजूला टाकले त्यांचीच ही टोळी बनते. मुलांना अशक्यावर विश्वास ठेवता येतो, म्हणून ती अशक्याशी लढू शकतात, अशी किंग यांची धारणा आहे. दम्याच्या फवाऱ्यात नुसते औषधी चवीचे पाणी असले, तरी ते तेजाब आहे असे त्या मुलाने मानले की पिशाच भाजते. मोठेपण म्हणजे हा विश्वास गमावणे, आणि मोठी झालेली तीच माणसे सत्तावीस वर्षांनी परत येतात तेव्हा बहुतेकांना आपले बालपण आठवतसुद्धा नाही. ‘द बॉडी’ (१९८२) या लघुकादंबरीत कोणतेच पिशाच नाही. रुळाकाठी पडलेले एका मुलाचे प्रेत पाहायला चार मुले चालत निघतात, एवढीच गोष्ट. तरीही बालपण संपण्याचे दुःख किंग यांनी याहून शुद्ध रूपात क्वचितच लिहिले असेल.

गावानंतर घर. १९७४ च्या हंगामाअखेरीस किंग दांपत्य कोलोरॅडोतील एस्टेस पार्क येथील स्टॅनली हॉटेलात उतरले. हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायचे होते, पाहुणे जवळजवळ कोणीच उरले नव्हते. २१७ क्रमांकाच्या खोलीत त्या रात्री किंग यांना स्वप्न पडले. आगविझवणीचा पाइप त्यांच्या लहान मुलाच्या मागे लागला होता. त्यातून ‘द शायनिंग’ (१९७७) निर्माण झाली. जॅक टॉरन्स हा शिक्षक मद्यपी आहे. नशेत त्याने स्वतःच्या लहान मुलाचा हात मोडलेला आहे, एका विद्यार्थ्याला मारहाण करून नोकरी घालवलेली आहे, आणि त्याचा स्वतःचा बापही असाच दारू पिऊन मारणारा होता. बर्फाने वेढलेल्या ओव्हरलुक हॉटेलच्या तळघरात एक जुना बाष्पक आहे. दिवसातून ठरावीक वेळा खाली उतरून त्याचा दाब सोडावा लागतो, नाही तर काटा सरकत राहतो. कादंबरीकाराने जॅकचा सगळा स्वभाव त्या दाबमापकात ठेवला आहे. अखेर हॉटेलने ताबा घेतलेला जॅक बाष्पक विसरतो आणि हॉटेल स्फोटात जळून जाते. स्टॅनली क्युब्रिक यांच्या १९८० च्या चित्रपटात जॅक बर्फात गोठून मरतो. किंग यांना तो चित्रपट रुचला नाही आणि त्याचे कारण या दोन शेवटांत स्पष्ट दिसते. कादंबरीतला बाप शेवटच्या क्षणी भानावर येऊन मुलाला पळून जायला सांगतो. चित्रपटातल्या बापाला तो क्षणच दिलेला नाही.

जॅक हा लेखकही आहे, आणि लेखक-नायक ही किंग यांची आणखी एक ठरलेली रूढी. ‘सेलम्स लॉट’मधील बेन मिअर्स, ‘इट’मधील बिल डेनब्रो, ‘बॅग ऑफ बोन्स’मधील माइक नूनन ही मोजकी नावे. या सूत्राचे शिखर ‘मिझरी’ (१९८७) होय. अपघातात पाय मोडलेला कादंबरीकार पॉल शेल्डन, पूर्वी परिचारिका असलेल्या ॲनी विल्क्स या चाहतीच्या तावडीत सापडतो. आधीच्या कादंबरीत तू मारून टाकलेल्या नायिकेला जिवंत करणारी नवी कादंबरी लिही, असा तिचा हुकूम असतो. ती त्याला जुने टंकलेखनयंत्र आणून देते, त्यात ‘एन’ हे अक्षर नाही. प्रत्येक पानावर त्या अक्षराची घरे रिकामी राहत असतानाही पॉल लिहीत राहतो, कारण लेखन थांबले तर जीवही जाईल. किंग त्या काळात मद्य आणि कोकेन यांच्या आहारी गेलेले होते. ॲनी म्हणजे ते कोकेनच होय, असे त्यांनी पुढे सांगितले. टोपणनावाचा प्रश्नही याच जातीचा आहे. गुपित फुटण्यापूर्वी रिचर्ड बाकमन या नावाने त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधील पुस्तकाच्या दुकानातील एका कर्मचाऱ्याने ते गुपित उघड केले. पुढे ‘द डार्क हाफ’ (१९८९) मध्ये लेखकाने समारंभपूर्वक पुरलेले टोपणनाव थडग्यातून उठून खून करू लागते.

यंत्रांविषयीची भीती त्यांच्या लेखनात सर्वत्र आहे, पण तिची खोली मला कमी वाटते. ‘क्रिस्टीन’मधील १९५८ सालची प्लिमथ फ्युरी मोटार आपल्या मालकाला गिळत जाते ती वाचनीय आहे. ‘द मँगलर’ या कथेतील कपड्यांना इस्त्री करणारे अजस्र यंत्र धुलाई कारखान्यातील अनुभवातून आले, म्हणून ते खरे वाटते. धर्मवेड्या स्त्रीची रूढीही अशीच वारंवार भेटते. कॅरीची आई आणि ‘द मिस्ट’मधील मिसेस कारमोडी या एकाच साच्यातल्या.

अतींद्रिय शक्तींचे प्रकार मात्र वेगवेगळे करून पाहिले पाहिजेत. कॅरीकडे नुसत्या मनाने वस्तू हलवण्याची शक्ती आहे, ‘फायरस्टार्टर’मधील चार्लीकडे आग पेटवण्याची. ‘द डेड झोन’मधील जॉनी स्मिथला स्पर्शाने भविष्य दिसते. ‘द शायनिंग’मधील डॅनीकडे जे आहे त्याला आपण अंतर्दीप्ती म्हणू : दुसऱ्याच्या मनातले आणि घडून गेलेले, घडणारे असे सगळे तो एकदम पाहतो. किंग यांच्याकडे अशी शक्ती हे वरदान जवळजवळ कधीच नसते. ती ज्याच्याकडे असते त्याला ती एकटे पाडते, आणि सत्ता किंवा संस्था तिचा वापर करू पाहतात. या सूत्राशी एक दोषही चिकटलेला आहे. ‘द शायनिंग’मधील डिक हॅलोरन, ‘द स्टँड’मधील मदर ॲबिगेल, ‘द ग्रीन माइल’मधील जॉन कॉफी ही कृष्णवर्णीय पात्रे अद्भुत शक्तीने गोऱ्या पात्रांच्या मदतीला येतात, आणि त्यांना स्वतःचे असे आयुष्य फारसे दिले जात नाही. अमेरिकेत या साच्यावर कठोर टीका झाली आणि ती योग्यच आहे. मूळ रहिवाशांच्या दफनभूमीला भयाचे साधन बनवण्याबद्दलही हेच म्हणावे लागेल.

ती दफनभूमी ‘पेट सिमेट्री’ (१९८३) मधली. किंग कुटुंब काही काळ ऑरिंग्टन येथे, ट्रक भरधाव धावत असलेल्या रस्त्याच्या कडेला राहत होते. त्या रस्त्यावर मुलीचे मांजर मेले. घरामागच्या टेकडीवर आसपासच्या मुलांनी पाळीव प्राण्यांसाठी दफनभूमी केलेली होती आणि तिच्या फलकावर स्पेलिंग चुकलेले होते. तेच चुकलेले रूप कादंबरीच्या नावात राहिले. मांजर तिथे पुरले गेले. पुढे एकदा त्यांचा धाकटा मुलगा त्याच रस्त्याकडे धावत सुटला आणि थोडक्यात वाचला. कादंबरीतला मुलगा वाचत नाही. लुई क्रीड हा डॉक्टर बाप, मेलेले परत येते पण जसे गेले तसे येत नाही हे मांजराच्या अनुभवावरून पुरते जाणूनही, मुलाला प्राण्यांच्या दफनभूमीपलीकडच्या, मूळ रहिवाशांच्या जुन्या जमिनीत पुरायला नेतो. इथे कडी काढणारा हात प्रेमाचा आहे, आणि म्हणूनच ही त्यांची सर्वांत असह्य कादंबरी ठरते. किंग यांनाही ती इतकी काळीकुट्ट वाटली की त्यांनी हस्तलिखित बाजूला ठेवून दिले होते. प्रकाशकाशी असलेला करार पुरा करण्यासाठी ते बाहेर काढावे लागले.

आपल्या कलेची मीमांसा किंग यांनी ‘डान्स मकाब्र’ (१९८१) या ग्रंथात केली आहे. भयाच्या तीन पायऱ्या ते सांगतात. सर्वांत वरची धास्ती, म्हणजे दिसण्याआधी मनात उभे राहणारे. तिच्याखाली भीती, म्हणजे समोर दिसलेले अनिष्ट. आणि सर्वांत खाली किळस. वरची साधली नाही तर खालच्या पायरीवर उतरायलाही आपण कचरत नाही, अशी प्रांजळ कबुली ते देतात. आधुनिक भयकथेचे तीन आदिबंधही ते मांडतात : रक्तपिपासू पिशाच, माणूस-लांडगा आणि फ्रँकेनस्टाइनच्या निर्मितीसारखी निनावी वस्तू.

या सगळ्या कादंबऱ्यांना जोडणारा आस म्हणजे ‘द डार्क टॉवर’ ही आठ खंडांची मालिका (१९८२ ते २०१२). रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या एका कवितेवरून तिची कल्पना सुचली. ‘सेलम्स लॉट’मध्ये श्रद्धा डळमळून पराभूत झालेले फादर कॅलहन या मालिकेत पुन्हा भेटतात. ‘द स्टँड’मधील रँडल फ्लॅग येथेही वावरतो. १९ जून १९९९ रोजी रस्त्याने पायी चालत असताना एका व्हॅनने किंग यांना उडवले. तो अपघातही मालिकेच्या अखेरच्या भागांत कथानकाचा घटक बनला आणि एकोणीस हा आकडा तिच्यात जागोजागी उमटू लागला.

दीर्घता हा त्यांच्या लेखनाचा गुण आणि दोष दोन्ही आहे. गावातील पन्नास माणसे ते अशी उभी करतात की त्यांच्या मरणाचे दुःख व्हावे. त्याच सैलपणामुळे शेवट अनेकदा ढासळतात. ‘इट’मधील अनिष्ट अखेर अवाढव्य कोळ्याच्या रूपात दिसते, तेव्हा आधीच्या शेकडो पानांची धास्ती ओसरते. २००३ मध्ये त्यांना अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनचे साहित्यसेवेबद्दलचे पदक मिळाले, त्या वेळी समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी तीव्र विरोध केला. ब्लूम यांच्याशी मी सहमत नाही. मद्यपी बापाचे घर आतून कसे असते, हे ‘द शायनिंग’इतके नेमके सांगणाऱ्या कादंबऱ्या फार नाहीत.

मराठी वाचकांपर्यंत हे विश्व पोहोचवण्यात नारायण धारप यांचा वाटा मोठा आहे. ‘सेलम्स लॉट’वरून त्यांनी ‘लुचाई’ लिहिली आणि ‘इट’वरून ‘शपथ’. धारपांच्या स्वतःच्या कथांत संकटात सापडलेल्यांच्या मदतीला समर्थ या पात्रासारखा ज्ञानी पुरुष येतो. किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’मध्ये किंवा ‘इट’मध्ये असा कोणी येत नाही. तिथे शाळकरी पोरे आणि थकलेले शिक्षकच असतात. हा फरक पडताळून पाहायचा असेल, तर वाचकांनी प्रथम ‘सेलम्स लॉट’ वाचावी, लगेच ‘लुचाई’ हाती घ्यावी, आणि ‘पेट सिमेट्री’ घरात लहान मूल नसेल तेव्हाच उघडावी.