पानांची दारं कोण उघडतं, कोण बंद करतं?

द्वारकेतून बोलतोय, दिल्लीतली, कृष्णाची नव्हे. बाहेर लू चालली आहे आणि बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आलाय: बाल्कनीतली तुळस दुपारी मान टाकते, लगेच पाणी घालायचं का?

उत्तर पानाच्या कातडीत आहे. तिथे डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, पर्णरंध्रं. प्रत्येक छिद्राला दोन रक्षक पेशी. फौजेत गेटवर दोन संत्री असतात तसंच, पण इथे संत्रीच दरवाजा असतात. कार्बन डायऑक्साइड इथूनच आत येतो आणि पाण्याची वाफ इथूनच बाहेर जाते. मुळांनी ओढलेल्या पाण्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग असा उडून जातो. अन्न हवं तर पाणी गमवा, हा झाडाचा रोजचा सौदा.

सकाळी दार उघडतं ते मुख्यतः निळ्या प्रकाशानं. रक्षक पेशींमध्ये फोटोट्रोपिन नावाची प्रथिनं असतात, ती हा प्रकाश टिपतात. हे काम त्यांचंच, असं जपानी संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. मग पेशीतला पंप हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतो, पोटॅशियम आत शिरतं आणि त्याच्यामागे पाणी. पेशी फुगते. आता सायकलच्या ट्यूबला एका बाजूनं न ताणणारी पट्टी चिकटवा आणि हवा भरा: ट्यूब वाकेल. रक्षक पेशीची आतली भिंत जाड असते, म्हणून तीही वाकते आणि मध्ये फट पडते. लाल प्रकाशही मदत करतो, पण वेगळ्या वाटेनं: प्रकाशसंश्लेषण सुरू झालं की पानातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानंही रंध्रं उघडतात.

बंद करण्याचा हुकूम संप्रेरकाचा, ॲबसिसिक आम्लाचा. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात कपाशीची बोंडं का गळतात हे शोधताना ते हाती लागलं, म्हणून नावातच 'गळणं' आलं. नाव तसं फसवं; त्याचं मोठं काम पाणी वाचवण्याचं. माती सुकली की झाडात ते वाढतं, रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, पाणी निघून जातं, पेशी ढिल्या पडतात, फट मिटते. भरदुपारी, उजेड असतानाही.

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी बघा. पाऊस सरताना पेरायची आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर कणीस भरायचं. दार फार वेळ उघडं ठेवलं तर दाणा भरताना ओल संपेल. फार वेळ बंद ठेवलं तर दाण्यात भरायला पीठच तयार होणार नाही. शेतकऱ्याचं वर्ष या फटीवर अवलंबून असतं.

आता तुळस. दुपारी मुळं जितकं पाणी देतात त्यापेक्षा जास्त पानांतून उडतं, म्हणून ती मान टाकते आणि रंध्रं मिटून घेते. संध्याकाळी ताठ झाली तर तिला काही नको. सकाळीही मलूल असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर मुळीच देऊ नका. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, आणि मग झाड पाण्यात उभं राहूनही सुकतं.

कोरफडीला यातलं बरंचसं लागू नाही. ती रंध्रं रात्री उघडते. तिच्याविषयी पुढच्या भागात बोलू.