पट्ट्यांवर धावणारा बिनतारी ट्रक

चिखलात रुतलेली गाडी तुम्ही पाहिली असेलच. चाक जमिनीला अगदी थोड्या जागी टेकते. सारा भार तेवढ्याच जागेवर पडतो आणि चाक खाली जाते. रणगाड्याचे पट्टे तोच भार लांबरुंद जागेवर पसरून टाकतात. म्हणूनच कित्येक हौशी कारागीर खेळण्यातील ट्रकची चाके काढून त्या जागी असे पट्टे बसवितात.

हा ट्रक वळविण्याची तऱ्हा मोठी मौजेची आहे. त्याला सुकाणू नसतेच! दोन पट्ट्यांना दोन स्वतंत्र मोटारी असतात. डावा पट्टा थांबवून उजवा पुढे चालविला, की ट्रक डावीकडे वळतो; एक पुढे व दुसरा मागे फिरविला, तर तो भोवऱ्यासारखा जागच्या जागी गरकन फिरतो. हे सारे हुकूम हातातील पेटीतून रेडिओलहरींवरून जातात. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे एक छोटी नौका अशीच तारेवाचून चालवून दाखविली होती.

कारागिराची खरी कसोटी लागते ती पट्टा ताणताना. पट्टा सैल राहिला, तर वळताना दातेरी चाकावरून निसटतो. फार ताणला, तर मोटार तापते आणि बॅटरी लवकर संपते. बोटाने दाबल्यावर किंचित लवेल, इतकाच ताण पुरे.

२०११ साली जपानमधील फुकुशिमा येथील अणुविद्युत् केंद्रात भीषण अपघात झाला. जेथे माणसाने पाऊल ठेवणे धोक्याचे, तेथे पट्ट्यांवर चालणारी यंत्रे दुरून चालवून धाडण्यात आली. आतील किरणोत्सर्ग किती आहे, हे त्यांनीच मोजून बाहेर कळविले.