पाडण्यासाठी बांधलेली भिंत

ठेकेदारांच्या संघटनांची वार्तापत्रं मी आवडीने वाचतो, असं सांगितलं की लोक विषय बदलतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत, पुढे शाल-श्रीफळाचे फोटो, १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाचा वृत्तांत, सिमेंटच्या दरवाढीबद्दल मंत्र्यांना दिलेलं निवेदन. हे सगळं ओलांडून मी मागच्या पानांवर जातो. तिथे प्रशिक्षणाच्या बातम्या असतात आणि माणसं मिळत नाहीत ही तक्रार असते. ‘कुशल कारागिरांची टंचाई’ हे शब्द मी इतक्या अंकांत वाचलेत की ते छापखान्यात जुळवूनच ठेवले असावेत. ही तक्रार वाचली की मला खानवेल आठवतं, कारण टंचाईचं दुसरं टोक तिथे आहे. तिथे माणसं आहेत, राबायची तयारी आहे, फक्त त्यांना कुणी गवंडी केलेलं नाही.

खानवेलचा इतिहास थोडक्यात आटपतो. दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाच्या दक्षिणेला, साकरतोड नदीकाठचं हे गाव. आसपास वारली, कोकणा, काथोडी वस्ती, मराठी शाळा, आणि पलीकडे पालघरचे तलासरी-जव्हार. ऑगस्ट १९५४ मध्ये सिल्वासा पडलं तेव्हा पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो माघार घेत खानवेलला आला आणि ११ ऑगस्टला उदवा गावी शरण गेला. १९६१ मध्ये हा मुलूख रीतसर भारतात आला, १९६५ मध्ये दान उद्योग सहकारी संघाने पहिली औद्योगिक वसाहत काढली, पुढे करसवलतींमुळे सिल्वासाभोवती कारखाने उभे राहिले. कारखाना म्हटला की आधी पाया खणणारे हात लागतात, आणि ते डोंगरपट्ट्यातूनच गेले.

ते जातात कसे, हे पाहायला सकाळी लवकर चौकात उभं राहावं. टेम्पो येतो, मुकादम बोटाने माणसं मोजतो. मुलाखत नाही, अर्ज नाही. “जोडी आहे का?” हा पहिला प्रश्न. जोडी म्हणजे नवरा-बायको. तो खणणार, ती घमेली वाहणार, आणि हिशेब बहुतेक वेळा त्याच्या हातात. दूरच्या कामाला उचल मिळते. लग्न, दवाखाना, घराची कौलं, कशासाठी तरी आगाऊ पैसे घ्यायचे आणि हंगामभर फेडायचे. वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर हेच चालतं. उचल आणि वेठबिगार यांच्यातली रेघ किती पुसट आहे हे या पट्ट्याला नव्याने सांगायला नको. १९४५ मध्ये शेजारच्या तलासरी-उंबरगावात वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. वेठबिगार बंद करणारा देशाचा कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे मधे तीस वर्षं गेली.

परराज्यात नेलेल्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा झाला. ओडिशातल्या ‘दादन’, म्हणजे ठेकेदारांनी बाहेर नेलेल्या, मजुरांचे हाल त्यामागे होते. त्यात एक तरतूद होती, ती मी भेटेल त्या ठेकेदाराला ऐकवत आलोय: परराज्यात भरती केलेल्या मजुराला निम्म्या महिन्याच्या पगाराइतका विस्थापन भत्ता द्यायचा, आणि तो पुढे पगारातून कापायचा नाही. ऐकणारा हसतो. एकाने तर विचारलं, “हे कुठल्या देशात?” खानवेलहून वापीला कामाला जाणारा माणूस सकाळी राज्याची सीमा ओलांडतो आणि संध्याकाळी परत येतो. तो स्वतःला परप्रांतीय समजत नाही, ठेकेदारही समजत नाही.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे वळतो. गवंडीकाम शिकवणाऱ्या वर्गाच्या आवारात एक भिंत असते, जी पाडण्यासाठीच बांधतात. सिमेंटचा माल वापरला तर वीट पुन्हा कामी येणार नाही, म्हणून चुन्याच्या नाहीतर मातीच्या मसाल्यात बांधायची, शिक्षकाने तपासायची, मग उतरवायची, विटा खरवडून पुन्हा रचून ठेवायच्या. मी अशी भिंत पहिल्यांदा पाहिली तेव्हा जेवायला जायचं विसरलो होतो. पोरं विटा पाण्यात भिजवत होती, कारण कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा पोकळ राहतो. एक थर विटा लांबीने दिसतील असा, त्यावरचा थर विटांची डोकी बाहेर काढून. उभ्या सांध्यावर उभा सांधा आला की भिंत तिथूनच चिरते, म्हणून कोपऱ्याशी वीट फोडून एक छोटा तुकडा घालावा लागतो. सगळं कसब त्या तुकड्यात. करणीच्या एका फटक्यात वीट हवी तिथेच फुटली पाहिजे. एका मुलाने ओळीने विटा वाया घालवल्या. शिक्षक ओरडले नाहीत, त्यांनी फक्त तुकड्यांचा ढीग त्याच्यासमोर सरकवला.

आणि ओळंबा! पितळी लंबक, दोरी, आणि लंबकाच्या जाडीइतकीच रुंद लाकडी पट्टी. पट्टी भिंतीला वर टेकवायची, लंबक खाली सोडायचा आणि तो डुलायचा थांबेपर्यंत वाट पाहायची. भिंतीला अलगद टेकला तर ठीक. दाबून बसला तर भिंत बाहेर आलीय, फट राहिली तर आत गेलीय. नवशिक्याला ते थांबणंच जमत नाही. तो लंबक बोटाने धरून गप्प करतो आणि तिथेच फसतो. लेझरची यंत्रं आली तरी हा ओळंबा शिकवायचा सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

खानवेलकडच्या मुलांना हे अवघड जाऊ नये. कारवीच्या काठ्या बांधून, माती-शेण लिंपून कुडाची भिंत उभी करणं त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. लिंपताना हाताचा दाब किती, थर किती पातळ, हे त्यांना ठाऊक असतं. गिलावा करायला लागणारी निम्मी अक्कल तिथेच आलेली असते. तरी साइटवर तो बिगारी म्हणून चढतो आणि बिगारी म्हणूनच उतरतो.

का? कारण शिकवण्याचा खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा. मी ठेकेदार असेन, पोराला तीन महिने शिकवलं, विटा-मसाला वाया जाऊ दिला, आणि चौथ्या महिन्यात शेजारच्या साइटने त्याला रोजी थोडी वाढवून दिली, तर तो जाणारच. त्याने जावंही. पण मग मी पुढच्याला कशाला शिकवू? प्रत्येक ठेकेदार असाच विचार करतो आणि सगळे मिळून टंचाईचं निवेदन देतात. ही गाठ एकट्याने सुटत नाही, म्हणून संघटनेचं मोल. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाची सुरुवात १९४१ मध्ये पुण्यात, लष्करी कामं घेणाऱ्या ठेकेदारांनी केली. थकलेली बिलं आणि टेंडरच्या अटी यांसाठी एकत्र येणं त्यांना जमलं. शिकवण्यासाठी एकत्र येणं जास्त अवघड, कारण तिथे खिशात हात घालावा लागतो.

ब्रिटनने १९६४ मध्ये कायदाच केला. तिथलं बांधकाम प्रशिक्षण मंडळ ठेकेदारांकडून पगाराच्या प्रमाणात वर्गणी घेतं आणि जो शिकवतो त्याला अनुदान देतं. न शिकवणाऱ्यालाही पैसे भरावे लागतात, मग पळवापळवीचा राग कमी होतो. आपल्याकडे १९९६ पासून बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर आहे, तो मुख्यतः कामगार कल्याणासाठी. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आकडे आले: जमा ३७,००० कोटींहून जास्त, खर्च साधारण ९,५०० कोटी. लाभासाठी नोंदणी हवी, नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. चौकातून बोटाने मोजून नेलेल्या माणसाला तो दाखला कोण देणार? मुकादम म्हणतो ठेकेदार देईल, ठेकेदार म्हणतो हा माझा माणूसच नाही.

मोठ्या कंपन्यांनी स्वतःपुरती वाट काढली. लार्सन अँड टुब्रोने १९९५ पासून बांधकाम कौशल्याच्या शाळा काढल्या, पनवेललाही त्यांची एक आहे. लहान ठेकेदाराला हे झेपत नाही. त्याच्या दृष्टीने मला सर्वांत शहाणा प्रयोग वाटतो तो क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेच्या पुणे शाखेचा ‘कुशल’: शिक्षकच साइटवर जातो, कामगार कामावरच शिकतो, हजेरी बुडत नाही.

इथे जरा रस्ता सोडतो. जर्मनीत सुतार-गवंडी शिकून तयार झाले की काही जण अजूनही तीन वर्षं आणि एक दिवस भटकंतीला निघतात. कॉर्डरॉयचा पोशाख, रुंद काठाची टोपी, आणि घरापासून ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही हा नियम. गावोगाव वेगळ्या उस्तादाकडे काम करून हात पक्का करायचा. आपली पोरंही घर सोडून भटकतातच. फरक एवढाच की जर्मन पोरगा शिकून निघतो आणि त्याच्या वहीत प्रत्येक उस्तादाची नोंद असते.

बायकांबद्दल वार्तापत्रं गप्प असतात. अहमदाबादला ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००३ मध्ये कर्मिका नावाची शाळा निघाली, तिथे घमेली वाहणाऱ्यांच्या हाती करणी आली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातल्या बायकाही बांधकामातलं शिकल्या. पण जोडी म्हणून भरती होते तोवर तिची हजेरी त्याच्या हजेरीला बांधलेली. माझं म्हणणं सोपं आहे: हजेरीपुस्तकात तिचं नाव वेगळ्या ओळीत लिहा. याला ना यंत्र लागतं, ना अनुदान.

संघटनेचे वर्ग बहुतेक पावसाळ्यात ठेवावेत असं सुचवलं जातं, कारण तेव्हा साइट थंड असते. खानवेलच्या एका मुकादमाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “भाऊ, पावसात कोण येल? आवणी असते. मग कापणी, झोडणी. दिवाळीनंतर माणूस मोकळा.” दिवाळीनंतर तर साइटवर श्वास घ्यायला फुरसत नसते, मी म्हटलं. “मग तिथेच शिकवा ना,” तो म्हणाला, “दुपारच्या जेवणानंतर तास काढा. पण त्या तासाची हजेरी भरा. नाहीतर मीच माणसं पाठवणार नाय.”