पोच आणि पोचपावती

मराठीत ‘पोच’ हा शब्द दुहेरी आहे. वस्तू पोचणे ही एक पोच आणि ती मिळाल्याची कबुली ही दुसरी. ऑनलाइन विक्रीतले पैशांचे वाद या दोहोंमधल्या अंतरातून जन्मतात.

१८७७ साली आपल्या टपालखात्यात व्ही.पी. सुरू झाली, तेव्हा हे अंतर जवळजवळ नव्हते. पोस्टमनच्या हाती पैसे पडले की पुडके सुटे. आज पैसे आधी येतात, माल नंतर जातो.

समजा, डोंबिवलीतल्या एका गृहिणीने चकल्या-अनारशांचे पार्सल ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या ग्राहकाला पाठवले. महिन्याभराने ग्राहकाने कार्ड देणाऱ्या बँकेला कळवले, ‘पार्सल मिळालेच नाही.’ रक्कम अडते किंवा परत फिरते, आणि थोड्या दिवसांत पुरावा द्यावा लागतो तो विक्रेतीला. कुरिअरच्या नोंदीत ‘डिलिव्हर्ड’ असते. पण प्रत्यक्षात पुडके वॉचमनच्या टेबलावर ठेवलेले असू शकते.

१९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ३९ विक्रेत्याच्या बाजूचे वाटते. ग्राहकाकडे धाडण्यासाठी माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला, की तो प्रथमदर्शनी ग्राहकालाच दिला असे ते मानते. कार्डाच्या वादात मात्र प्रश्न वेगळा असतो : माल निघाला का, हा नव्हे, तर पोचला का.

‘पोचणे’ आणि ‘मिळणे’ यांतला फरक न्यायालयानेही टिपला आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावलेली नोटीस ग्राह्य धरली, कारण निळ्या खुणांवरून ती नुसती पोचली नव्हती, तर उघडलीही गेली होती, हे दिसत होते. तरीही कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट आहे.

म्हणून पुरावा गोळा करायचा तो भांडण झाल्यावर नव्हे, माल निघतानाच. ग्राहकाने स्वतः लिहिलेला पत्ता, वजनासह कुरिअरची पावती, घेणाऱ्याचे नाव व सही किंवा ओटीपी, आणि ‘मिळाले का?’ या प्रश्नाला आलेले उत्तर, एवढे जपावे.

आपल्या नियतकालिकांत ‘साभार पोच’ हे सदर असते. आलेले पुस्तक मिळाले, असे न मागता सांगण्याची ती रीत. बाजारात ती मागून घ्यावी लागते.