थरयुक्त तंतू-प्रबलित संमिश्र पदार्थांचा भंगरोध : समस्या व उपाय

प्रस्तावना :
कार्बन तंतू इपॉक्सी राळेत बसवून केलेले पातळ थर एकमेकांवर रचून उष्णता व दाबाखाली घट्ट केले की थरयुक्त संमिश्र पदार्थ तयार होतो. वजनाच्या मानाने तो पोलादाहून बळकट असतो. तथापि हे बळ तंतूंच्या दिशेपुरते असते. दोन थरांच्या मध्ये केवळ ठिसूळ राळ असते. तडा हीच वाट धरतो व थर सुटतात. आघातानंतर पृष्ठभाग अखंड दिसला तरी आत थर सुटल्याने दाब सोसण्याची क्षमता घटलेली असते. हाच खरा धोका होय.

ऐतिहासिक उदाहरण :
ब्रिटनमधील रोल्स-रॉइस कंपनीने आरबी २११ या जेट इंजिनाच्या पंख्यासाठी कार्बन तंतूंची पाती योजिली होती. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत व टायटॅनियमचा आश्रय घ्यावा लागला. १९९५ मध्ये सेवेत आलेल्या जनरल इलेक्ट्रिकच्या जीई ९० इंजिनात मात्र संमिश्र पाती यशस्वी ठरली. त्यांत चिवट केलेली इपॉक्सी असून पुढील कडेला टायटॅनियमचे आवरण आहे.

भंगरोध वाढविण्याचे उपाय :
१) राळ चिवट करणे : राळेत रबराचे सूक्ष्म कण किंवा थर्मोप्लास्टिक मिसळल्यास तड्याच्या टोकाशी ती विरूपित होऊन ऊर्जा शोषते. परंतु थरांमधील राळेची जाडी अत्यल्प असल्याने विरूपणास वाव राहत नाही व सुट्या राळेत दिसणारा लाभ पदार्थात पूर्णपणे उतरत नाही.
२) थरांमध्ये कण ठेवणे : ही उणीव भरून काढण्यासाठी थर्मोप्लास्टिकचे कण थरांच्या सीमेवरच ठेवले जातात. ते राळेची जाडी राखतात. बोइंग ७८७ विमानात या प्रकारचा पदार्थ वापरला आहे.
३) जाडीच्या दिशेने तंतू : टाके घालून, बारीक पिना खोवून किंवा त्रिमितीय विणकाम करून थर एकमेकांस बांधले जातात. २०१६ मध्ये सेवेत आलेल्या लीप इंजिनाची पाती अशी विणलेली आहेत. मात्र टाके व पिना यांमुळे मूळ तंतू वाकतात वा तुटतात आणि थराच्या प्रतलातील बळ काहीसे घटते.

निष्कर्ष :
प्रत्येक उपाय काही देतो व काही घेतो. त्यामुळे केवळ ताण-चाचणीवरून पदार्थाची निवड करणे अपुरे ठरते. थरांमध्ये आरंभीचा तडा ठेवून, नमुन्याच्या दोन्ही भुजा विलग करून तडा वाढण्यास लागणारी ऊर्जा मोजणारी चाचणीही तितकीच आवश्यक आहे. पदार्थाचे बळ तंतूंवर अवलंबून असले, तरी त्याची विश्वासार्हता थरांमधील सांध्यावरच ठरते.