जागा कोणाची, नाव कोणाचे?

गेल्या पंधरवड्यात सत्तरी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक आमच्या कार्यालयात आले होते. कापडी पिशवीत चार जुन्या वह्या होत्या. पौषातल्या रात्री गावोगावच्या मांडावर जागून, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून त्यांनी धालो आणि फुगडीची तीनशेवर गीते उतरून घेतली, त्याच्या त्या वह्या. परंतु वह्यांतली टिपणे कच्ची आहेत. पाठभेद लावून, कोणते गीत कोणत्या गावी कोणाकडून मिळाले याची नोंद करून गुरुजींनी जी पक्की प्रत सिद्ध केली, ती होती त्यांच्या संकेतस्थळावर. आणि ते संकेतस्थळ आता नाही. ते नाव उघडले की आज पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसते. ज्यांनी गीते सांगितली त्यांपैकी बहुतेक बायका हयात नाहीत, म्हणजे पुन्हा विचारायला जावे तर तीही सोय उरलेली नाही.

घडले ते असे. शहरातल्या एका तरुणाने ते स्थळ उभारून दिले होते. वर्षाकाठी ठरलेली रक्कम तो घेई, गुरुजी देत. पुढे त्याने धंदा आवरला आणि तो परदेशी गेला, दूरध्वनी लागेना. नाव त्याच्या खात्यावर, जागा त्याच्या खात्यावर, मुदत संपल्याच्या सूचनाही त्याच्याच पत्त्यावर. गुरुजींच्या हाती होत्या त्या फक्त पैसे दिल्याच्या पावत्या. त्यांचा आम्हाला प्रश्न साधा होता : पुन्हा उभारायचे तर कोठे, आणि कोणाच्या भरवशावर?

वर्तमानपत्राच्या अग्रलेखाचा हा विषय आहे काय, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या मते आहे. गावचा इतिहास, देवस्थानाची माहिती, आजोबांची पत्रे, स्वतःच्या कविता असे काहीबाही मांडणारी छोटी संकेतस्थळे या राज्यात आणि राज्याबाहेर गेलेल्या आपल्या माणसांत पुष्कळ आहेत. त्यांच्या जागेचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. जी जाहिरात पहिली दिसते तिच्यावर बोट ठेवून लोक मोकळे होतात.

गोव्याच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी दूर जायला नको. भाटकाराच्या जमिनीत मुंडकाराचे घर, हा संबंध आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला. भिंती मुंडकाराने घातल्या, शाकारणी त्याने केली, अंगणातली तुळस त्याची; जमीन मात्र दुसऱ्याची, आणि भाटकाराची मर्जी फिरली की संसार रस्त्यावर. या मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ साली झाला. संकेतस्थळ उभारणारा माणूसही असाच मुंडकार होय. मजकूर त्याचा, मांडणी त्याची. ज्या यंत्रावर ते सारे साठवलेले आहे ते दुसऱ्याचे. त्याच्यासाठी मुंडकार कायदा नाही. जो करार न वाचता आपण मान्य करतो, त्यातील अटी आणि फार तर ग्राहक संरक्षण कायदा, एवढाच त्याला आधार.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की नाव आणि जागा या दोन निराळ्या वस्तू आहेत. नाव, म्हणजे डोमेन, नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून ठरावीक वर्षांसाठी घ्यायचे असते. जागा, म्हणजे होस्टिंग, भाड्याने घ्यायची असते. दोन्ही एकाच दुकानात मिळतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात. वास्तविक जागा गेली तर दुसरी घेता येते आणि त्याच नावाची पाटी नव्या घरावर लावता येते. नाव गेले की वाचकाला आपला पत्ताच उरत नाही. म्हणून नाव स्वतःच्या नावे, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या चालू दूरध्वनी क्रमांकावर नोंदवलेले हवे. तो ईमेलही त्याच संकेतस्थळाच्या नावाचा असू नये. नाव बुडाले की सूचनेची पेटीही त्याबरोबर बुडते. ‘.कॉम’ जातीच्या नावांना मुदत टळल्यावर काही दिवसांची सवलत, पुढे ३० दिवसांत जादा दंड भरून सोडवून घेण्याची संधी मिळते. त्यानंतर ते नाव जगातल्या कोणालाही घेता येते. टपून बसलेले लोक असतातच. गुरुजींचे नाव जुगाऱ्यांच्या हाती गेले ते या वाटेने.

आपल्या देशाचे ‘.इन’ हे नाव २००५ पासून सर्वांना खुले झाले. २०१४ साली देवनागरीतील ‘.भारत’ सुरू झाले, आणि मराठी व कोकणी या दोन्ही भाषा त्यात सामावल्या. देवनागरी पाटी पाहून आम्हाला आनंद होतो. तरीही व्यवहार म्हणून ती दुसरी पाटी असावी असेच आम्ही सांगू, कारण असे पत्ते अजून सर्वत्र निर्वेध स्वीकारले जात नाहीत. हा दोष लिपीचा नाही, कार्यप्रणाली लिहिणाऱ्यांच्या अनास्थेचा आहे.

आता जागेकडे वळू. जाहिरातीतला सर्वांत मोठा शब्द ‘अमर्याद’ हा असतो. अमर्याद साठा, अमर्याद वाहतूक. ज्याला किती लागते हे ठाऊक नाही त्याच्याच डोळ्यांत हा शब्द भरतो. युनिकोड मजकूर ज्या रीतीने संकेतस्थळावर साठवला जातो, तीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, रोमन अक्षर एक. तरीही वीस ओळींचे एक धालोगीत दोन किलोबाइटच्या आसपास बसते. तीनशे गीते झाली सहाशे किलोबाइट. गुरुजींच्या आयुष्याचे सगळे काम भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका छायाचित्राहून लहान आहे! साठ छायाचित्रे प्रत्येकी तीनशे किलोबाइटपर्यंत आटवून घेतली तर अठरा मेगाबाइट. चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण साध्या दर्जात सुमारे चाळीस मेगाबाइट. सगळे मिळून साठ मेगाबाइटच्या आत. एक गिगाबाइटची जागा घेतली तर त्यात अशी सोळा संकेतस्थळे राहतील. अमर्याद जागेचे भाडे कशासाठी द्यायचे? शिवाय करारातल्या बारीक अक्षरांत ‘वाजवी वापर’ नावाची मर्यादा बहुधा असतेच.

दरांचीही तीच गत. जाहिरातीत ठळक छापलेला दर पहिल्या मुदतीचा असतो, आणि तोसुद्धा पुष्कळदा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम मोजले तरच मिळतो. नूतनीकरणाचा दर त्याच्या दुपटीहून अधिक असणे ही या धंद्यातली नित्याची गोष्ट आहे. वर १८ टक्के वस्तू व सेवा कर. तेव्हा विचारायचे ते पहिल्या वर्षाचे भाडे नव्हे, पाच वर्षांचे एकूण भाडे. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठी कोणी वेगळे पैसे मागू लागला तर सावध व्हावे. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा व्यवस्था २०१६ पासून अशी प्रमाणपत्रे रीतसर विनामूल्य देत आली आहे. ‘९९.९ टक्के वेळ चालू’ या वचनाचाही हिशेब करावा : उरलेला एक दशांश टक्का म्हणजे वर्षाकाठी पावणेनऊ तास. गीतसंग्रहाला तेवढी विश्रांती चालते. दुकानदाराला चालणार नाही.

मग फुकटाचे काय? फुकटाचा इतिहास मनोरंजक आहे. १९९४ साली अमेरिकेत जिओसिटीज नावाची वसाहत सुरू झाली. कोणीही यावे, आपले पान विनामूल्य थाटावे. पानांचे मोहल्ले केले होते. शिक्षण, साहित्य, तत्त्वज्ञान असल्या विषयांच्या मोहल्ल्याचे नाव अथेन्स. १९९९ मध्ये याहूने ती वसाहत अब्जावधी डॉलर मोजून विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लक्षावधी पाने उठली. काही हौशी मंडळींनी आणि इंटरनेट आर्काइव्हने धावपळ करून जमेल तेवढे वाचवले, बाकीचे गेले. नावांच्या बाबतीतही तेच. टोकेलाऊसारख्या चिमुकल्या बेटांची आणि आफ्रिकेतील काही देशांची नावे फ्रीनॉम ही कंपनी फुकट वाटत असे. २०२३ साली तिने नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ मध्ये हा धंदाच सोडला.

म्हणून विनामूल्य जागा सर्वस्वी त्याज्य, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गिटहबची ‘पेजेस’ ही सोय २००८ पासून चालू आहे; एक गिगाबाइटपर्यंतचे साधे संकेतस्थळ तेथे पैसे न देता ठेवता येते आणि स्वतःचे नाव त्याला जोडता येते. मात्र तेथे केवळ तयार पाने ठेवता येतात. डेटाबेस लागणारे वर्डप्रेस तेथे चालत नाही, आणि पाने तयार करून चढवण्याचे थोडेसे तंत्र कोणाकडून तरी शिकावे लागते. आणखी एक बाब वाचकांना ठाऊक नसेल. ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत फुकट दिलेली सेवा ही सेवाच नव्हे. चार पैसे मोजणाऱ्याला २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार गुदरता येते. फुकट राहणाऱ्याला दाद मागायला हे दार बंद आहे. परदेशी कंपनीविरुद्ध लागलेला निकाल अमलात आणणे किती जिकिरीचे, हे निराळे सांगायला नको. भारतात कचेरी असलेली आणि येथल्या पत्त्याची पावती देणारी संस्था आम्हाला बरी वाटते ती यासाठी. मुंबईतील सर्व्हर अमेरिकेतील सर्व्हरपेक्षा पणजीतल्या वाचकाला लवकर उत्तर देतो हे खरे, पण वीस ओळींच्या गीताला पाव सेकंदाचा उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

मराठी मजकुराची म्हणून एक खास दुखणी आहे, आणि तिच्याविषयी विकणारे कधीच बोलत नाहीत. ज्या मायएसक्यूएल डेटाबेसवर वर्डप्रेस चालते, त्याची मूळ मांडणी पश्चिम युरोपीय अक्षरांची होती. जगातल्या सर्व लिप्या सामावणारी मांडणी त्यात २०१८ च्या आवृत्तीपासून आपोआप मिळू लागली. जुने स्थळ एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवताना ही मांडणी चुकली की सगळ्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. ज्याची अक्षरे एकदा प्रश्नचिन्हे म्हणून साठवली गेली, तो मजकूर परत येत नाही. जुन्या प्रतीकडेच जावे लागते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी संस्थेच्या मदतकक्षाला एक पत्र मराठीत लिहावे आणि ही गोष्ट विचारावी. उत्तर इंग्रजीत आले तरी हरकत नाही. उत्तर माणसाने लिहिले आहे की नाही, एवढे त्यावरून कळते. त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी विचाराव्या : माझा सगळा मजकूर मला केव्हाही उतरवून घेता येईल काय, आणि नाव दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा संकेतांक मागताक्षणी मिळेल काय? येथे जो घुटमळतो त्याच्या भाटात घर बांधू नये.

प्रतीविषयी बोलायचे तर १० मार्च २०२१ चा दिवस आठवावा. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या आवारात आग लागली आणि सर्व्हर ठेवलेली एक संपूर्ण इमारत जळाली. काही ग्राहकांनी राखीव प्रतीचे पैसे भरलेले होते. ती प्रतही त्याच आवारात असल्याचे त्यांना आगीनंतर समजले. जागा देणारा प्रत ठेवतो ती त्याच्या सोयीने. आपली प्रत आपल्या घरी, आणि दुसरी एखाद्या नातेवाइकाच्या घरी, ही जुन्या लोकांची रीत येथेही लागू आहे.

या सगळ्यात सरकारने काही करावे काय? १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयांना देणे प्रकाशकाला बंधनकारक आहे. संकेतस्थळांना तसा नियम नाही. ब्रिटनने २०१३ साली आपल्या ग्रंथालयांना संकेतस्थळांच्या प्रती जतन करण्याचा अधिकार दिला. १८३२ साली स्थापन झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय हे या देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. ज्यांनी गोव्याविषयी असे काही जमवून मांडले आहे, त्यांनी आपण होऊन एक प्रत आणून द्यावी आणि ग्रंथालयाने ती नोंदवून ठेवावी, यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. साठ मेगाबाइटला कपाट लागत नाही. ग्रंथालय खात्याने हे मनावर घ्यावे, असे आम्ही जाहीरपणे सुचवीत आहोत.

गुरुजींचे काम सुरू झाले आहे. इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या नोंदींत त्यांच्या संकेतस्थळाची काही पाने सापडली. शंभराच्या आसपास गीते तेथून पाठभेदांसकट हाती आली. उरलेली वह्यांवरून पुन्हा लिहावी लागतील, आणि कोणाकडून मिळाली याची नोंद जेवढी आठवेल तेवढीच होईल. नवे नाव त्यांनी स्वतःच्या नावे पाच वर्षांसाठी घेतले, पासवर्ड एका लखोट्यात घालून थोरल्या सुनेकडे दिला. नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयावर लिहायची होती; पण पाच वर्षांपुढचे कालनिर्णय कोठून आणणार? तेव्हा ती त्यांनी पहिल्या वहीच्या आतल्या पानावर, धालोच्या नमनाच्या वर, लाल शाईने लिहून ठेवली आहे.